उद्योगास आमंत्रण

हल्ली लहानसहान शहरांच्या कारभाऱ्यांस एकच ध्यास लागलेला दिसतो : आपल्या गावी नवे कारखाने यावेत, व्यापार वाढावा आणि पोटासाठी दूर गेलेल्या मुलांची पावले पुन्हा घराकडे वळावीत. हा ध्यास स्तुत्य आहे. एक मुलगा पुण्यास, दुसरा बंगळुरास, मुलगी परदेशी आणि गावच्या वाड्यात दोन वृद्ध माणसे, अशी स्थिती ज्या घरांची झाली आहे, त्यांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु हा हेतु साधण्यासाठी जे उपाय योजिले जातात ते पाहून आम्हांस घरातील एक साधा व्यवहार आठवतो. पाहुण्यास आमंत्रण धाडणे सोपे असते. तो आल्यावर हातपाय धुण्यास पाणी आणि पानावर वाढण्यास अन्न घरात आहे की नाही, हे आधी पाहून ठेवणे कठीण. आणि घराची परीक्षा होते ती तेथेच.

आमंत्रणाच्या बाबतीत आपण मागे आहो असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सरकारने १९६४ पासून सवलतींची योजना सुरू केली. भूखंड, करांत सूट, विजेच्या दरात सवलत हे सर्व त्या आमंत्रणपत्रिकेत असते. तीत वाईट काही नाही. मात्र प्रत्येक शहर जवळजवळ तीच पत्रिका छापू लागल्यावर केवळ तिच्यावर भुलून पाहुणा येईल, ही आशा व्यर्थ होय.

मग उद्योग येतो तो कशामुळे? आपल्याच प्रांतातील दोन उदाहरणे वाचकांपुढे ठेवितो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले. तेथेच पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. कारखाना जम धरीत होता, इतक्यात शहराच्या वाढीसाठी ती जागा नगरपालिकेस हवी झाली आणि किर्लोस्करांना बिऱ्हाड हलवावे लागले. त्या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आपल्या संस्थानात जागा दिली व भांडवलासही हात दिला. जागा म्हणजे कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ. त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावासारखे मोठे शहर उद्योगास मुकले आणि एका चिमुकल्या संस्थानास तो लाभला. औंधकडे बेळगावाहून अधिक असे काय होते? उद्योग करू पाहणाऱ्या माणसाची अडचण वेळेवर ओळखणारा एक जाणता मनुष्य होता, इतकेच.

दुसरे उदाहरण इचलकरंजीचे. कोल्हापूरच्या पूर्वेस दहा कोसांच्या आतबाहेर, पंचगंगेच्या काठी वसलेले हे जहागिरीचे गाव. तेथे रेल्वे नव्हती. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली झाला, तरी स्टेशन हातकणंगल्यास. बंदर तर दूरच राहिले. बाळकृष्णबुवांसारख्या थोर गायकास आश्रय देणारी जहागीर, हीच गावाची ख्याती. अशा ठिकाणी १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालू केला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्यास उत्तेजन दिले. एका मागाचे पाहून दुसऱ्याने माग घातला, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. मोठ्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग लोकांनी विकत घेतले आणि परसातल्या पत्र्याच्या छपराखाली चार-चार माग घालून त्यांवर संसार उभे केले. आज तेथील मागांची संख्या लाखाच्या घरात सांगतात. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेतीन लाखांहून अधिक भरली आणि २०२२ साली तेथे महानगरपालिका झाली. जहागीरदारांच्या राजवाड्यात आता वस्त्रोद्योगाचे व अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था नांदते. राजवाड्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाही.

या वाढीचे मर्म वाचकांनी ध्यानी घ्यावे. कापड विणणे हा एका माणसाचा धंदा नव्हे. सुताला खळ देणारे सायझिंगवाले, वहिफणी करणारे, कांड्या भरणाऱ्या बाया, माग दुरुस्त करणारे जॉबर, सुटे भाग विकणारे दुकानदार आणि सूत देऊन कापड नेणारे व्यापारी इतकी माणसे एका हाकेच्या अंतरावर असली म्हणजे नव्या माणसास धंद्यात पाऊल टाकण्याचे धैर्य होते. ज्याच्यापाशी स्वतःचे भांडवल नाही, तो व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणून देतो. त्यास तेथे खर्चीवाला म्हणतात. हे मनुष्यबळ व परस्परांवरील विश्वास कोणत्याही सवलतीने एका वर्षात विकत मिळत नाहीत. ते दोन-तीन पिढ्यांनी साठविलेले धन असते.

परंतु या चित्राची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. माग चालण्यास पाणी फारसे लागत नाही. पण सायझिंगला लागते, रंगाई-धुलाईला पुष्कळच लागते, आणि ते वापरून झाल्यावर कोठे तरी सोडावेही लागते. कोल्हापूरपासून खालपर्यंत शहरांचे सांडपाणी व कारखान्यांची मळी पंचगंगेने पोटात घेतली, तीत इचलकरंजीचीही भर पडली. २०१२ साली शहरात काविळीची भयंकर साथ आली आणि माणसे दगावली. नदीकाठचे हे शहर आपली तहान भागविण्यासाठी कृष्णेपर्यंत गेले, तरी पाणी पुरेना. तेव्हा वारणेकडे दृष्टि वळली. २०१८ साली दानोळीच्या ग्रामस्थांनी त्या योजनेस कडाडून विरोध केला. पुढे दूधगंगेवरील सुळकूड योजना पुढे आली, तिलाही नदीकाठच्या गावांनी हरकत घेतली. त्या गावांस आम्ही दोष देणार नाही. ज्याने स्वतःच्या आडात घाण जाऊ दिली, त्याने शेजाऱ्याच्या आडावर घागर घेऊन जावे, तर शेजारी दोन शब्द बोलणारच.

म्हणून नव्या उद्योगास बोलावू इच्छिणाऱ्या प्रत्येक शहराच्या नागरिकांनी आपल्या कारभाऱ्यांस तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. गावात आज जे लहान धंदे चालू आहेत, त्यांची मुख्य अडचण कोणती, हे कोणी त्यांच्या दारी जाऊन विचारले आहे काय? येणाऱ्या कारखान्यास पाणी कोठून देणार आणि त्याचे घाण पाणी शुद्ध करण्याचा खर्च कोण सोसणार? आणि तेथे राबणाऱ्या मजुरांस घर, शाळा व दवाखाना कोठे आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून भूमिपूजनाचा नारळ फोडणे, म्हणजे चुलीत जाळ नसता पंगत बसविणे होय.

याचबरोबर काही जबाबदारी आपल्या घरांवरही आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत नोकरीची प्रतिष्ठा फार. भावांनी मिळून साठविलेला पैसा पुण्यातील सदनिकेत घालताना कोणी विशेष चर्चा करीत नाही. पण घरातला मुलगा किंवा सून गावीच लहानसा कारखाना काढू म्हणाली, की दहा शंका उभ्या राहतात. शंका घ्याव्यात, हिशेब मागावा, कराराचा कागदही करावा. परंतु जो उत्साह आपण परक्या कारखानदारासाठी नगरपालिकेकडे मागतो, त्याचा चौथा हिस्सा तरी घरच्या माणसाच्या वाट्यास येऊ द्यावा. दातार व किर्लोस्कर हेही कोणाच्या तरी घरातील, नोकरीची रूढ वाट सोडलेले पुरुष होते.

शहराची कीर्ति जाहिरातींनी चार दिवस पसरते. जो आधी येऊन राहिला, तो आपल्या सोयऱ्याधायऱ्यांस काय लिहून कळवितो, यावर ती टिकते. आलेल्या माणसास पाणी, न्याय व आधार ज्या गावी मिळतो, तेथील वाट उद्योगास दाखवावी लागत नाही.