बर्फावर घसरायला पैसे कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका कागदावरून बरीच चर्चा झाली. लेक कॉलेजातून आली ती स्कीइंगच्या प्राथमिक कोर्सचा फॉर्म घेऊनच. ठिकाण गुलमर्ग. दादींनी चष्मा पुसला, कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "बर्फावर घसरायला पैसे कशाला द्यायचे? घसरणं तर फुकटात होतं."

हसू आलं, पण प्रश्न खरा होता. आम्ही चंद्रपूरची माणसं. मे महिन्यात पारा ४७ च्या आसपास गेला तरी कुणी फार आश्चर्य करत नाही. बर्फ आमच्याकडे लग्नाच्या शरबतात आणि रसवंतीच्या गाडीवर. त्या बर्फाच्या डोंगरावर आपल्या मुलीला दोन आठवडे पाठवायचं, हे मलाही पटकन पचलं नाही.

लेकीकडे उत्तर तयार होतं. मे २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, ती 'मिशन शौर्य' मोहीम. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. जिवती, बोर्डाकडची ही मुलं, आपल्यासारखीच उन्हात वाढलेली. "त्यांना ८,८४८ मीटर जमलं, मला उतारावरून खाली यायला जमणार नाही?" यावर काय बोलणार!

मग मी जरा माहिती काढली. स्कीइंगमध्ये दोन्ही पायांना दोन लांब पट्ट्या असतात, हातात दोन काठ्या. स्नोबोर्डला एकच रुंद फळी, आणि माणूस तिच्यावर आडवा उभा राहतो. स्कीचा जड बूट पट्टीवर खटक्याने बसतो. जोरात पडलं की खटका आपोआप सुटतो, म्हणजे पाय पिरगळून मोडण्याचा धोका कमी होतो. नवख्याला पहिले काही दिवस थांबायलाच शिकवतात. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, की वेग कमी होतो. दादींच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं: पैसे घसरायचे नाहीत, थांबायला शिकायचे आहेत.

गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर, तंगमर्गवरून वर. खाली बाबा रेशींचा दर्गा आहे, काश्मीरला जाऊन आलेल्यांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. मुख्य मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर, आणि नवख्यांचे सौम्य उतार तिथेच आहेत. तिथून गंडोला, म्हणजे बंद डब्यांची दोरीवरची गाडी, कोंगडूरीला जाते. दुसऱ्या टप्प्यात अफरवटवर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. फोटोत दिसणारा तो भव्य पांढरा उतार वरचा, आणि तो शिकाऊंसाठी नाही. हे लेकीला दोनदा सांगितलं. तिने एकदाच ऐकलं, असं वाटतं.

शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीची पर्वतारोहण संस्था सोलंगला शिकवते, आणि उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे कोर्स चालतात. औलीचा रोपवे मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा बंद करावा लागला. मैदानावर पर्यटकांना लाकडी स्लेजवर ओढून नेणारे काश्मिरी भाऊही असतात. त्यांच्याशी घासाघीस करताना जरा विचार करावा, त्यांची कमाई काही महिन्यांचीच असते. पण स्लेजवरची फेरी म्हणजे स्कीइंग नव्हे.

यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पहलगाम विसरलात?" २२ एप्रिल २०२५ ला बैसरणमध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. पर्यटकांना वाचवताना जीव गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही त्याच दिवसाचा. त्यानंतर हॉटेलं ओस पडली. या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. फॉर्म भरण्याआधी संस्थेला फोन करून राहण्याची, ये-जा करण्याची व्यवस्था विचारायची, इतकं आम्ही ठरवलं.

पण मला रात्री झोप येऊ दिली नाही ती हिमस्खलनाच्या भीतीने. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटकडे दोन पोलिश स्कीअर दगावले. त्यांच्या गटात स्थानिक वाटाडे असूनही. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियन स्कीअरचा गट बर्फाखाली सापडला आणि एक जण गेला. ते स्थानिक माणसाशिवाय गेले होते. दोन्ही वेळा अपघात मैदानातल्या शिकाऊ उतारावर नव्हे, वर मोकळ्या डोंगरावर झाला.

हे वाचताना मला ताडोबा आठवलं. आपल्याकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बायका जंगलात जातात त्या घोळक्याने, आवाज करत. पहाटे एकटं आत शिरायचं नाही, हे कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही. पर्यटकही जिप्सीतून उतरत नाही. वाघ दिसत नाही म्हणजे वाघ नाही, असं नसतं. बर्फाचंही तसंच. ताजा बर्फ खालच्या थरावर नीट बसलेला नसतो, वारा आणि ऊन त्याला सैल करतात, आणि वरून मात्र तो दुलईसारखा मऊ दिसतो. म्हणून लेकीला अट एकच घातली: खुणा केलेल्या उताराबाहेर पाऊल नाही, कुणीही बोलावलं तरी.

आता तारखा. हंगाम डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. पण येत्या वर्षी रमजान फेब्रुवारीत लागेल, आणि रोजा धरून दिवसभर बर्फात पडायचं-उठायचं, हे तिच्या दादींना मान्य नाही. (मलाही नाही, पण नाव त्यांचं घेते.) मग जानेवारी? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि २०२५ ला बर्फ कमी म्हणून हिवाळी खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर न्यावी लागली. चिल्लई कलान, २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस दिवस, पूर्वी खात्रीचे मानले जात. आता तिथली माणसंही आभाळाकडे पाहत बसतात. आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा धरून चाललो आहोत.

सामानाचं सोपं. स्की, बूट, काठ्या बहुधा तिथेच मिळतात. जीन्स चालत नाही, ओली झाली की वाळत नाही. हेल्मेटखाली पातळ, घट्ट बसणारा हिजाब किंवा लोकरी बालाक्लाव्हा. पिनांचा हिजाब नको, पडल्यावर टोचतात. काळा चष्मा हवाच, बर्फावरून उसळणारं ऊन डोळे जाळतं. बल्लारशाहवरून जाणारी हिमसागर एक्स्प्रेस जम्मूकडे नेते, म्हणजे नागपूरला गाडी बदलायची कटकटही नाही.

यांचा होकार कसा आला, तेही सांगते. लेकीने त्यांना आरिफ खानबद्दल वाचायला दिलं. गुलमर्गच्या पायथ्याचा मुलगा, वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान, चौथ्या वर्षापासून उतारावर. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू तोच, जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. "पंचेचाळिसावा?" यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "एकटा गेला होता म्हणतेस." मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कीत एर्झुरुमला कांस्य जिंकलं, भारताचं स्कीइंगमधलं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक, हे तर लेकीने भिंतीवरच लावलं आहे.

फॉर्मसोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि मांड्यांत ताकद लागते. सध्या लेक रोज फजरनंतर अंगणात उठाबशा काढते. दादी तसबीह बाजूला ठेवून मोजतात, आणि दर वेळी चाळिसाच्या आसपास मुद्दाम दोन आकडे खातात.