सोसा म्हणणाऱ्यांना

ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात परवा वक्त्यांनी सांधेदुखीचा निकालच लावून टाकला. सांधे वयानं झिजतात, झिजलेलं भरून येत नाही. तेव्हा आंबट सोडा, वांगं सोडा, ‘इंग्रजी’ गोळ्यांना हात लावू नका, चालणं कमी करा आणि उरेल ते सोसा. टाळ्याही पडल्या. मला संताप आला.

सगळी सांधेदुखी वयाची नसते. गुडघ्यांची झीज उतारवयात वाढते, हे खरं. पण आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ऐन तिशी-चाळिशीतही धरतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं आणि शेजारची कूर्चा, हाड पोखरत जातं. झिजलेला गुडघा सकाळी आखडतो, पण बहुधा अर्ध्या तासात सुटतो. आमवातात दोन्ही हातांची बोटं सुजतात, मूठ वळायला तासभर जातो. कणीक मळता येत नाही, बाळाच्या झबल्याचे बंद बांधता येत नाहीत, आणि घरचे म्हणतात, बाळंतपणानंतरचा वात आहे, सोस थोडं. त्या सोसण्यात सुरुवातीची वर्षं जातात आणि हाडांची बरीचशी हानी त्याच काळात होते. एकदा वाकडं झालेलं बोट नंतर औषधानं सरळ होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघर पाहणी झाली, तेव्हा दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा रोग आढळला. या माणसांना ‘वय झालं’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

हे बोललं की आयुर्वेदाचा अपमान झाल्याची जुनी ओरड सुरू होते. पण माधवनिदान या आयुर्वेदाच्याच जुन्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. सगळं वयावर ढकलून मोकळं व्हावं, असं त्या ग्रंथकाराला वाटलं नाही.

गोळ्या विषारी? आमवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट जपून घ्यावं लागतं: आठवड्यातून एकदाच, जोडीला फॉलिक ॲसिड, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, आणि गरोदरपणात मुळीच नाही. पण गोळीला भिऊन माणसं बिननावाच्या पुड्या घेतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. चार दिवसांत आराम पडतो, मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात; पुडी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. ‘इंग्रजी’ औषध टाळून माणूस त्यातलंच जहाल औषध मोजमापाशिवाय घेत असतो!

चिंच-लिंबानं सांधा बिघडतो, याला आधार नाही.

चालणं सोडणं तर घातकच. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला की त्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. झिजलेल्या गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरणं, सपाट रस्त्यावर चालणं, वजन उतरवणं आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरणं, एवढं घरीही जमतं. यानं वेदना पूर्ण जात नाही, पण जिणं सुकर होतं.

बोटांची सूज सहा आठवडे टिकली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये. संधिवाततज्ज्ञ गाठावा, तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला जावं, आणि घरातल्या कुणीतरी सोबत जावं.