आपल्या घरात कामाला येणारी माणसे



गेल्या काही वर्षांत जर्मनीतील आपल्या अनेक कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली. गृहप्रवेशाला त्रिशरण-पंचशील झाले, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पे वाहिली गेली, खीर वाटली गेली. त्या आनंदात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नोटरीपुढे स्वाक्षरी होऊन मालमत्तेच्या नोंदवहीत नाव लागले, की त्या घरात राबणाऱ्या माणसांच्या जिवाचे काही उत्तरदायित्व आपल्याकडे येते. आरंभ आमच्याच चुकीपासून केलेला बरा.

आमच्या घरी आठवड्यातून एकदा सफाईला येणाऱ्या बाई खुर्चीवर चढून खिडकी पुसताना घसरल्या. मनगट सुजले, सुदैवाने हाड मोडले नाही. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, ‘हा अपघात कामावर झाला काय?’ जर्मनीत तो प्रत्येक जखमीला विचारतात, कारण उत्तरावरून उपचाराचा खर्च कोणी करायचा हे ठरते. बाईंनी सांगितले, ‘माझ्याच घरी पडले.’ आम्ही शेजारी उभे होतो आणि गप्प राहिलो. त्यांची नोंदणी आम्ही केलेली नव्हती. आम्हांला त्रास होऊ नये म्हणून त्या खोटे बोलल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांची अंगणे झाडली, त्या आम्हांला त्या दिवशी स्वतःच्या घरात उभे राहणे जड गेले.

नंतर माहिती घेतली तेव्हा कळले की ते खोटे अनावश्यक होते. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा 1884 साली, बिस्मार्कच्या काळात झाला. त्याचे सूत्र असे की विम्याचा हप्ता मालकाने एकट्याने भरायचा आणि कामगाराला मालकाची चूक सिद्ध न करताच उपचार व भरपाई मिळायची. हे संरक्षण घरकामाला येणाऱ्या व्यक्तीलाही आहे. कामावर येता-जाताना झालेला अपघातही त्यात धरतात. मालकाने नोंदणी केली नसली तरी जखमी माणसाचा हक्क बुडत नाही. दोष मालकाचा आणि दंडाला पात्रही तोच. नोंदणी तशी सोपी आहे. मिनीजॉब-त्सेंट्रालेकडे एक अर्ज भरावा लागतो. अपघात विम्यासाठी वेतनाच्या 1.6 टक्के रक्कम द्यावी लागते, आणि या कामावरील एकूण खर्चाचा पाचवा भाग, वर्षाला 510 युरोंपर्यंत, आपल्या आयकरातून वजा होतो. म्हणजे आम्ही जे टाळत होतो त्यात फारशी बचतही नव्हती. ही कचेरी ज्या संस्थेचा भाग आहे तिचे मूळ खाणकामगारांच्या जुन्या साहाय्यसंघांत आहे, हे वाचल्यावर बाबासाहेबांचे स्मरण झाले. मजूरमंत्री असताना 1943 च्या डिसेंबरात ते धनबाद परिसरातील कोळशाच्या खाणींची पाहणी करायला स्वतः गेले होते.

मात्र जर्मन कायद्याला एक मोठे भगदाड आहे. 1996 च्या कामगार-संरक्षण कायद्याने प्रत्येक मालकावर बंधन घातले की काम सुरू होण्यापूर्वी त्यातील धोके तपासावेत आणि ते मुळाशीच दूर करावेत. हातमोजे, शिरस्त्राण वगैरे साधनांवर भिस्त ठेवणे हा त्यानंतरचा उपाय. परंतु त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की खाजगी घरातील नोकरांना तो लागू नाही. कारखान्यात निरीक्षक येतो. आपल्या स्वयंपाकघरात कोणी येत नाही. तेथे उरते ते नागरी संहितेचे 618 वे कलम, म्हणजे काम घेणाऱ्याने आपली जागा आणि साधने काम करणाऱ्याच्या जिवाला व आरोग्याला अपाय होणार नाही अशी ठेवावीत. व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा आहे. खुर्चीऐवजी भक्कम शिडी द्यावी. क्लोरीनयुक्त द्रव आणि शौचालयाचा आम्लयुक्त द्रव शेजारी ठेवू नयेत, कारण ते एकत्र झाल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. शिवाय बाटलीवरचे जर्मन सर्वांना वाचता येतेच असे नाही. सिगालोवाद सुत्तात सेवकाप्रति धन्याची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पहिले त्याच्या शक्तीनुसार काम नेमून देण्याचे आहे आणि आजारपणात त्याची शुश्रूषा करण्याचेही आहे. आपण ते सुत्त वाचतो. आमच्या बाबतीत ते वाचनापुरतेच राहिले होते.

जुने घर घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जर्मनीत ॲसबेस्टॉसवर 1993 च्या ऑक्टोबरअखेर बंदी आली, त्यामुळे त्यापूर्वीच्या बांधकामात ते असण्याचा संभव असतो. डिसेंबर 2024 पासून, दुरुस्तीचे काम देणाऱ्याने घराच्या बांधकामाविषयी व त्यातील घातक द्रव्यांविषयी आपल्याजवळची माहिती काम सुरू होण्यापूर्वी ठेकेदाराला लेखी द्यायची आहे. फरशी उखडणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात ती धूळ गेली तर रोग कित्येक दशकांनी प्रकटतो. तोवर आपण ते घर विकलेलेही असू. (बर्फ हटवण्याचे कर्तव्य भाडेकरूवर सोपवता येते, पण तो ते करतो की नाही हे पाहणे मालकाकडेच राहते.)

आता मायदेशाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांचे पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात फ्लॅट आहेत. ते भाड्याने दिलेले असतात आणि सोसायटीचा देखभाल खर्च दरमहा खात्यातून जातो. त्या पैशातून कोणती कामे कशी होतात हे आपण विचारतो काय? 2019 च्या डिसेंबरात मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि 2021 च्या सप्टेंबरात न्यायालयाने प्रत्येकीला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 30 लाख केली. टाकीत माणूस उतरवण्यास मनाई करणारा कायदा तेव्हाही होता. तो 6 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनीच, अमलात आला. संरक्षक साधनांशिवाय कोणाला टाकीत उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद वा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठेकेदारामार्फत काम करवून घेतले म्हणून काम देणारा सुटत नाही. आणि त्या टाकीत कोणत्या वस्तीतला माणूस उतरवला जातो, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना नुकतीच ई-मेलने आली. आम्ही सचिवांना तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. टाकी शेवटची कधी साफ झाली, कोणत्या यंत्राने झाली आणि ठेकेदाराच्या करारात माणूस आत न उतरवण्याची अट आहे काय? उत्तर अद्याप आलेले नाही. आपापल्या सोसायट्यांना हेच प्रश्न विचारून जी उत्तरे येतील ती वाचकांनी आम्हांला कळवावीत. पुढील अंकात त्यांची नोंद घेऊ.