रान, शिकार आणि खंड : इथे शेत घेण्याआधी



गेल्या काही महिन्यांत एजवेअर आणि आसपासच्या तीन-चार घरांतून आम्हाला एकच प्रश्न आला. दोन-तीन कुटुंबांनी मिळून गावाकडे, म्हणजे इथल्या गावाकडे, एखादं शेत घ्यावं का? जाहिराती साधारण एकसारख्याच असतात. जुनं घर, साठेक एकर जमीन, त्यातली थोडी झाडी ‘शिकारीसाठी उत्तम’, आणि बाकीची शेतकऱ्याला खंडाने दिलेली. म्हणजे सुट्टीत मौज आणि वर्षभर उत्पन्न.

हा विचार आताच का यावा हेही उघड आहे. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. फेमाच्या नियमांनुसार एनआरआय किंवा ओसीआय व्यक्तीला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्याला, तो पुण्यात राहत असला तरी, शेतजमीन सहजासहजी मिळत नाही. शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तीही संपली. कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान असलेलं दाजीपूर १९५८ पासूनच अभयारण्य आहे. तेव्हा आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना इंग्लंडमधलं रान खुणावतं, यात नवल नाही.

विरोध करायला हा लेख नाही. पण सही करण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात असं आम्हाला वाटतं.

पहिली गोष्ट, शिकारीचा हक्क नक्की कोणाकडे आहे? इथे जमीन एकाची आणि तिच्यावरच्या शिकारीचा हक्क दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. जुन्या मालकाने विकताना तो स्वतःकडे राखलेला असू शकतो. मग फेझंट तुमच्या झाडीत आणि बंदूक त्याच्या हातात! उलट ससे मारण्याचा हक्क १८८० च्या ग्राउंड गेम ॲक्टने जमीन कसणाऱ्याला दिला आहे. करार करूनही तो काढून घेता येत नाही. कुत्रे लावून कोल्ह्याची शिकार इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून बंद आहे. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे मुलांची उन्हाळ्याची सुट्टी त्यात येतच नाही. शॉटगनसाठी पोलिसांचा परवाना लागतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट, जमिनीवर कूळ कुठलं आहे? हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या जुन्या आठवणी जाग्या होतात. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने बऱ्याच मालकांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर गेल्या. इथे कूळ मालक होत नाही, पण कायदा त्याला जपतो. १ सप्टेंबर १९९५ पूर्वीचा करार असेल तर त्याला सहसा हलवता येत नाही, आणि काही वेळा त्याच्या मागे मुलाचाही हक्क लागतो. त्यानंतरचे ‘फार्म बिझनेस टेनन्सी’ करार ठरलेल्या मुदतीचे असतात. जाहिरातीत दोन्हींना ‘उत्पन्न देणारी जमीन’ असंच म्हणतात. करार स्वतः वाचा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. एक उदाहरण मांडून पाहू. घर आणि साठ एकर मिळून किंमत ९ लाख पौंड. त्यातले ४५ एकर एकरी १०० पौंड खंडाने दिले, तर वर्षाला आले ४,५०० पौंड. निम्मी रक्कम ६ टक्क्यांनी कर्जाऊ काढली तर नुसतं व्याज २७,००० पौंड! कुंपण, छप्पर, विमा धरलेलाच नाही. खंडाच्या जिवावर हप्ते फिटणार नाहीत.

चौथी गोष्ट कराची. घर आणि खरोखर कसली जाणारी शेती एकत्र घेतली तर स्टॅम्प ड्यूटी ‘मिश्र’ दराने लागते. वरच्या उदाहरणात ती ३४,५०० पौंड होते. तेच सगळं राहतं घर धरलं आणि तुमचं एजवेअरचं घर आधीचं असलं, तर ८०,०००. फरक मोठा आहे. म्हणूनच करखातं अशी प्रकरणं बारकाईने पाहतं. खंडाचा करार खरा हवा, कागदी नको.

वारसा कराची सवलत हे दुसरं आमिष. शेतीवरची ही सवलत १० लाख पौंडांपुरतीच पूर्ण ठेवायचं सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनमध्ये उतरले. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा २५ लाखांवर नेली गेली. बदलाची तारीख ६ एप्रिल २०२६. पण जमीन खंडाने दिली असेल तर सवलतीसाठी ती सात वर्षं तुमच्याकडे असावी लागते. शिवाय सवलत शेतीच्या किमतीवर आहे, शिकारीच्या किमतीवर नाही.

‘पुढेमागे घरं होतील, किंमत दसपट होईल,’ असंही काही दलाल सांगतात. त्यांना एजवेअरचंच उदाहरण द्यावं. १९२४ साली ट्यूब आली आणि इथली शेतं घरांनी भरली, हे खरं. पण पुढे बुशी हीथपर्यंत लाईन नेण्याची १९३५ ची योजनाही होती. काम सुरू झालं, युद्धाने थांबलं, मग ग्रीन बेल्ट आला आणि १९५० साली बेत सोडून दिला. ब्रॉकली हिलच्या माळावर त्या पुलाच्या कमानी अजून उभ्या आहेत. एका बाजूला स्टेशन, दुसऱ्या बाजूला कमानी, अंतर जेमतेम दोन मैल. कुठली जमीन कुठल्या बाजूला पडेल हे दलालाला कळत नाही. हिरव्या माळाचे तुकडे पाडून विकणाऱ्या ‘ॲसेट लँड’ कंपनीचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि २०१६ मध्ये ती योजना बेकायदा ठरली.

आमचं मत असं, की मौजेची किंमत मौजेच्या पैशातून द्यावी आणि उत्पन्नाचा हिशेब वेगळा मांडावा. राहतं घर गहाण टाकून दोन्ही एकत्र घेऊ नयेत. नुसती हौस असेल तर हंगामापुरतं एखाद्या शूटमध्ये सामील व्हा, किंवा मातीच्या चकत्यांवर नेम धरून पाहा. वर्षभराने हौस टिकली तर पुढचं बोलू. तीन कुटुंबं मिळून घेणार असाल तर कोणाला बाहेर पडायचं झाल्यास काय, हे आधी लिहून ठेवा. मैत्री जमिनीपेक्षा महाग असते.

आणि एक. आपल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नसली तरी वारशाने मिळू शकते. गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी करून घ्या. नव्या रानाची स्वप्नं पाहताना असलेलं रान हातचं जायला नको.

प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, तेव्हा वकिलाचा सल्ला घ्यावाच. चू. भू. द्या. घ्या.