विमान वाकड्या वाटेनं का जातं?

नकाशात भोर आणि वेल्हे शोधा. पट्टी लावून मोजलंत, तर अंतर भरेल २७-२८ किलोमीटर. पण एस.टी. काही पट्टीवरून धावत नाही! ती आधी कापूरहोळला महामार्गावर येते, मग नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला पोचते. रस्ता दीडपटीच्या पुढे जातो.

पायी चालणाऱ्यांचं तर विचारूच नका. राजगडाच्या संजीवनी माचीवरून समोरचा तोरणा हाताच्या अंतरावर वाटतो. दोन गडांमधलं सरळ अंतर सात किलोमीटरच्या आसपास. पण डोंगराच्या धारेवरून चढत-उतरत जायला सहा-सात तास सहज लागतात. पट्टीवर विसंबून दुपारी निघालेल्यांना वाटेतच अंधार गाठतो. पाणीही संपलेलं असतं!

विमानाला ना डोंगर आडवा येतो, ना नदी. मग मुंबईहून न्यूयॉर्कला ते नाकासमोर जात असेल?

भिंतीवरच्या नकाशात पाहिलं, तर सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. काय झालं? दोरा वर सरकला! तो नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे १२,५०० किलोमीटरचा. नकाशातल्या सरळ रेघेनं गेलं, तर दीड हजार किलोमीटरहून जास्त फेरा पडतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून कागदावर हा जवळचा मार्ग वाकडा दिसतो.

तरीही वैमानिक दोरा धरून बसत नाही. काही देशांवरून उडायला मनाई असते. शिवाय वारा! नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेहून येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात. त्यामुळे शहरं तीच असली, तरी येताना साधारण तास-दीड तास वाचतो. जाताना कधी कधी वारा चुकवण्यासाठी लांबची वाट धरतात आणि तीच लवकर पोचवते.

आता एक कोडं. मावशी जानेवारीत रात्री १ वाजता मुंबईहून निघाली आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला उतरली. 'साडेपाच तासांत पोचली!' असं धाकटा म्हणतो. तेव्हा न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मावशी विमानात किती तास बसली, ते त्याला सांगा बरं!