फलक, बुरखा आणि कलम आठ

अटक झालेल्या माणसाचे नाव गोपनीय आहे की नाही, हे ते नाव तुम्ही पोलीस आयुक्तालयाच्या कोणत्या मजल्यावर विचारता त्यावर ठरते. पत्रकार परिषदेच्या दालनात बसलात तर नाव, वय, राहणार, मूळ गाव, टोपणनाव, आधीचे गुन्हे असा सगळा ऐवज छापील प्रेसनोटमध्ये हाती पडतो. टेबलावर जप्त मुद्देमाल मांडलेला, मागे अधिकारी ओळीने उभे आणि पुढ्यात तोंडावर काळा बुरखा घातलेला आरोपी. तेच नाव जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा. महिनाभराने टपालाने कळते, की ही माहिती दिल्यास तपासाला बाधा येईल, शिवाय संबंधितांच्या खासगीपणाचा भंगही होईल. आरोपीच्या अब्रूची काळजी आहेच. फक्त ती कॅमेरे गेल्यावर सुरू होते.

खरे तर या माहितीसाठी कोणी अर्ज करावा, अशी कायद्याची अपेक्षाच नाही. कोठडीतील मृत्यूंविषयी पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना अकरा अटी घातल्या. अकरावी अट अशी, की अटक झाल्याचे आणि माणूस कुठे ठेवला आहे याचे वृत्त बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवायचे आणि तिथल्या ठळक फलकावर लावायचे. या अटी आकाशवाणी-दूरदर्शनवरून लोकांना सांगाव्यात, स्थानिक भाषेत पत्रके वाटावीत, असेही न्यायालयाने सुचवले होते. फलकाला कायद्यात जागा मिळायला पुढची जवळपास चौदा वर्षे गेली. १ नोव्हेंबर २०१०पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१सी आले. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांची नावे-पत्ते लावायचे आणि राज्याच्या पोलीस मुख्यालयात सर्वसामान्यांच्या माहितीसाठी या अटकांची विदा ठेवायची. १ जुलै २०२४पासून त्या संहितेची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता झाली. तिच्या कलम ३७ने फलक थेट प्रत्येक पोलीस ठाण्यात आणला, डिजिटल मार्गही मोकळा केला आणि या कामासाठी किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितले. ठाण्यात कधी कामासाठी गेलेल्या वाचकाने आठवून पाहावे. हेल्मेटपासून सायबर फसवणुकीपर्यंत सगळ्या सूचना भिंतीवर असतात. अटकांचा ताजा, तारीखवार फलक किती ठिकाणी दिसला?

म्हणून लोक माहिती अधिकारात अर्ज करतात. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. उत्तराला अशी मर्यादा नाही. तपासाचे नाव पुढे करणारे कलम ८(१)(एच) हे सर्वांत लाडके. माहिती दिल्याने तपास, गुन्हेगारांची धरपकड किंवा खटला यांत अडथळा येत असेल तर ती नाकारता येते, असे ते सांगते. ज्याला धरलेच आहे त्याची धरपकड नाव सांगितल्याने कशी अडते, हे मात्र उत्तरात नसते. नुसता तपास चालू आहे एवढे कारण पुरत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात २००७मध्येच सांगितले आहे. ते मान्य करायचे तर ‘माहिती एकत्रित स्वरूपात ठेवलेली नाही’ हे दुसरे उत्तर तयार असते. म्हणजे कायद्याने जी विदा ठेवायला सांगितली ती ठेवलेली नाही, याचीच ही सहीशिक्क्यानिशी कबुली. नोव्हेंबर २०२५पासून तिसरे उत्तरही सोपे झाले. विदा संरक्षण कायद्याने खासगीपणाचे कलम ८(१)(जे) छाटून बारीक केले. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हटले की पुरते. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हा जुना दिलासा गेला. व्यापक जनहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते अपिलात आठवते.

कायदा स्पष्ट असला तरी तेवढ्याने भागत नाही, हे अमेरिकेत दिसते. तिथे अटकेच्या माहितीची मागणी सहसा शहराच्या सरकारकडे करायची असते, कारण पोलीस शहराचे. (आपल्याकडे महापालिकेत नळ, गटार आणि भटकी कुत्री यांची दाद लागते, पोलीस गृहखात्याचे.) इलिनॉय राज्याच्या माहिती कायद्यात अटकेचा तपशील ७२ तासांच्या आत द्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच राज्यातल्या शिकागोत जुन्या सिअर्स कंपनीच्या गोदामात, होमन स्क्वेअर इथे, पोलीस लोकांना आणून बसवत आणि घरच्यांना, वकिलांना त्यांचा पत्ता लागत नसे, अशी वृत्ते ‘गार्डियन’ने २०१५मध्ये दिली. पोलिसांनी आरोप फेटाळले. वृत्तपत्र कागदांसाठी न्यायालयात गेले. त्या कागदांतून ऑगस्ट २००४ ते जून २०१५ या काळातल्या ७,१८५ अटका बाहेर आल्या आणि वकील भेटल्याची किंवा ठावठिकाणा जाहीर झाल्याची नोंद केवळ ६८ जणांबाबत सापडली. कायद्यात ७२ तास होतेच.

खासगीपणाचा मुद्दा खोटा नाही. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. अमेरिकेत अटकेची छायाचित्रे इतकी सहज मिळू लागली, की ती गोळा करून संकेतस्थळावर टाकायची आणि काढून टाकायचे पैसे मागायचे, असा धंदाच उभा राहिला. अनेक राज्यांना कायदे करून ही वसुली रोखावी लागली. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव दहा वर्षांनी भावी सासऱ्याच्या मोबाइलवर उमटू नये, हे योग्यच. पण फलकाची निकड दहा वर्षांनंतरची नसून पहिल्या रात्रीची आहे. कोणाला, किती वाजता, कोणत्या कलमाखाली धरले आणि आत्ता कुठे ठेवले आहे, एवढेच बाहेर थांबलेल्या आईला हवे असते. दंडाधिकाऱ्यांपुढे चोवीस तासांत उभे करायचे घटनेचे घड्याळ नेमके कधी सुरू झाले, तेही तिथूनच कळते. आरोपी सुटला की नाव उतरवा, संकेतस्थळावर ठरावीक मुदतीने पुसा, आकडे ठेवा. माहिती अधिकारात जीवित आणि स्वातंत्र्याच्या प्रश्नावर ४८ तासांत उत्तर द्यायची सोय आहे, पण तेवढ्यातही कोठडीत बरेच काही घडून जाते.

परभणीत डिसेंबर २०२४मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर बंद झाला, हिंसाचार झाला आणि पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली. धरलेल्यांपैकी कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला आणि गुन्हा दाखल व्हावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. अशा वेळी सगळा वाद तासांवर येऊन ठेपतो: कधी उचलले, कोणी उचलले, अंगावर वळ कुठल्या टप्प्यावर उठले. ताब्यात घेतल्याची वेळ आणि अटक दाखवल्याची वेळ यांत अंतर असते हे प्रत्येक वार्ताहराला माहीत असते. फलकावर पहिली वेळ लिहिली गेली तरच दुसरीला अर्थ येतो.

फलकाच्या नव्या कलम ३७ने आणखी एक बदल केला आहे, त्याची फारशी चर्चा झाली नाही. जुन्या ४१सीनुसार अटक झालेल्याच्या नावाबरोबर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा फलकावर लावणे बंधनकारक होते. कलम ३७मध्ये आरोपीचे नाव, पत्ता आणि गुन्ह्याचे स्वरूप उरले. अधिकाऱ्याचे नाव गेले. ही विनम्रता प्रेसनोटपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. तिच्या शेवटच्या परिच्छेदात ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ म्हणत पोलीस आयुक्तांपासून सहआयुक्त, अपर आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, वरिष्ठ निरीक्षक असे उतरत थेट सापळा रचणाऱ्या शिपायापर्यंत सगळी नावे आजही हुद्द्यानिशी छापली जातात. राज्य सरकारला जादा माहिती लावण्यापासून कलम ३७ अडवत नाही. गृहखात्याने तोच परिच्छेद कापून फलकावर डकवायचा आदेश काढावा, आणि ज्या अटकेची प्रेसनोट निघत नाही त्या अटकेपासून सुरुवात करावी.