मंत्र पुरे, आधी दवाखाना

बिबट्या दिसला की आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत फोन खणखणतात. वनखात्याकडे पिंजऱ्याची मागणी होते, प्रसंगी रास्ता रोको होतो. मण्यार चावून माणूस गेला तर? दहाव्याला चार जण हळहळतात, 'त्याची भरली होती' म्हणतात आणि उठतात.

बाबांनो, भरलेली नसते. आपण ती भरू देतो!

देशात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात जास्त खेड्यातली, शेतात राबणारी. लाईट रात्रीची, म्हणून अंधारात कांद्याला पाणी द्यायला उतरणारे आपणच ना? नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. आपल्याच तालुक्यात, नारायणगावात डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे असे रुग्ण वाचवत आले आहेत. तरी आपली पहिली धाव देवऋषाकडे!

मण्यार तर फार फसवी. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, घरचे ओवा देतात. पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, की श्वास बंद पडायला वेळ लागत नाही. म्हणून चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, विष चोखू नका. हातपाय हलू न देता रुग्णाला दवाखान्यात न्या. १०८ला उशीर होत असेल तर मिळेल त्या गाडीत घाला.

सरकार उशिरा का होईना, जागं झालंय. मार्च २०२४मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. पण देवऋषाकडे नेलेला रुग्ण कुठल्या वहीत चढणार? नोंद नाही तर लशीची मागणी कशाच्या जोरावर करायची? शवविच्छेदन किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला नाही, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाखही वारसांना मिळणं अवघड.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेत उठा. आपल्या आरोग्य केंद्रात लशीच्या कुप्या किती, मुदत कधीपर्यंत, रात्री डॉक्टर कोण, हे विचारा. उत्तर प्रोसिडिंगात लिहून घेतल्याशिवाय सभा उठू देऊ नका.